"सलगी" हा शब्द वाईट आहे का? साखरपुड्यात आईच्या तोंडून गेला आणि घोळ झाला

शहापूरकर_धाकटा

मंडळी एका शब्दाचा प्रश्न आहे, हसू नका. आम्ही बेळगावचे, शहापूरचे. गेल्या रविवारी थोरल्या भावाचा साखरपुडा झाला, मुलगी पुण्याची. सगळं मस्त चाललेलं, अंगठ्या झाल्या, फोटो झाले, पाहुण्यांना कुंदा एवढा आवडला की दोन डबे वेगळे बांधून द्यायचं ठरलं. आणि जेवायला बसल्यावर आमच्या आईनं कौतुकानं वैनीच्या आईला सांगितलं, "आमच्या धाकट्याची नि तुमच्या लेकीची आत्तापासनंच एवढी सलगी झालीय बघा, मला आता कसली काळजी नाही."

धाकटा म्हणजे मी.

समोरची पंगत गप. मुलीच्या मावशीनं तोंडाला लावलेला पाण्याचा ग्लास तसाच धरून ठेवला. आईला काही कळलंच नाही, ती आणि पुढं "रोज फोनवर असतात दोघं" म्हणून मोकळी. (फोनवर आम्ही भावाच्या घोरण्याबद्दल बोलत होतो, हे जाऊ दे.) बाबांनी "म्हणजे बहीण-भावासारखं हो" म्हणून सावरलं, पण रात्री वैनीचा मेसेज आला, "अरे, आई विचारतीय तुमच्याकडं सलगी म्हणजे काय असतं?"

आता आमच्या घरात हा शब्द रोजचा आहे. शेजारच्या काकूंशी आईची सलगी आहे म्हणजे वाटीभर साखर मागायला लाज वाटत नाही, एवढंच. मग हा शब्द मुळातच वाईट आहे का, का पुण्याकडं तसा झालाय, का आमच्याकडंच कानडीच्या वाऱ्यानं बदललाय? वैनीच्या आईला काय उत्तर द्यायचं ते सांगा, लग्न दोन महिन्यांवर आलंय.

निपाणीचा_पावणा

बाबा रे 😂 दीर-भावजयीला सलगी?? आईला "घरोबा" म्हणायचं असणार. आता दोन महिने वैनीला फोन करू नको.

वडगावची_सून

घरोबा कसा होईल ओ, घरोबा दोन घरांचा असतो, दोन माणसांचा नव्हे. इथं शब्द हवा होता "गट्टी". दीर-भावजयीची गट्टी जमली म्हटलं असतं तर मावशीनं पाणी पण पिलं असतं आणि आणखी एक मांडा पण घेतला असता.

खानापूरच्या_बाई

मी तीस वर्षं मराठी शिकवलं, आता रिटायर आहे, त्यामुळं थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आईंचा शब्द चुकलेला नाही. शब्द जुना आहे आणि चांगल्या घरचा आहे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या अगदी सुरुवातीला माउली श्रोत्यांना म्हणतात की तुम्हा सर्वज्ञांपुढं मी मोठेपणा मिरवत नाही, फक्त लक्ष द्या, ही माझी "विनवणी सलगीची". म्हणजे शके १२१२ मध्ये, इ.स. १२९० ला, हा शब्द संतसभेत बसलेला आहे. आणि लगेच पुढच्या ओवीत लळ्याची आणि माहेराची गोष्ट येते, की श्रीमंत माहेर असेल तर लेकराचे सगळे लाड पुरतात. सलगी म्हणजे काय ते तिथंच कळतं बघा. माहेरी आलेली लेक विचारून फडताळ उघडत नाही.

पण त्यात एक मेख आहे आणि ती क्रियापदात आहे. सलगी *देतो* तो थोर. समर्थ रामदासांनी शिवाजी महाराज गेल्यावर, म्हणजे १६८० नंतर, संभाजीराजांना जे पत्र लिहिलं त्यात महाराजांचं बोलणं कसं, चालणं कसं ते आठवावं असं म्हणताना "सलगी देणे" कसं होतं ते पण आठवा असं आहे. राजानं साध्या माणसाला जवळ येऊ दिलं, मोकळं बोलू दिलं, हा राजाचा गुण म्हणून सांगितलाय. तेच सलगी *करतो* म्हटलं की पारडं फिरतं, समोरच्यानं न देता आपणच घेतली असा वास येतो. वर्गात नवीन पोरगं पहिल्याच दिवशी माझ्या टेबलावर कोपर टेकवून उभं राहिलं तर मी म्हणायची, "फार सलगी नको." आणि नुसती सलगी *आहे* किंवा *झाली* म्हटलं की कुणी दिली, कुणी घेतली ते सांगितलेलंच नसतं, ऐकणारा आपल्या मनानं भरून घेतो. साखरपुड्यात तेच झालं. बेळगावच्या बाईंनी "मी दिली" असं धरलं, पुण्याच्या बाईंनी "पोरानं घेतली" असं धरलं.

कोथरूड_सध्या

मी मूळचा चिकोडीचा, वीस वर्षं पुण्यात. बाईंचं पटलं पण पुण्यातल्या लोकांवर पण अन्याय नको. इथं सलगी हा शब्द घरात फारसा कुणी बोलतच नाही, तो फक्त पेपरात वाचायला मिळतो. पेपरात कोण कुणाशी सलगी करतं? एक तर अमुक पक्ष तमुक पक्षाशी, नाहीतर पाकिस्तान चीनशी. म्हणजे प्रत्येक वेळी काहीतरी काळंबेरं. आणि बायकांच्या बाबतीत आला की "लगट"च्या शेजारचाच शब्द वाटतो. तेव्हा त्या मावशीनं ग्लास धरून ठेवला त्यात तिची चूक नाही, तिनं आयुष्यभर हा शब्द वाकड्या बातमीतच बघितलाय.

बैलहोंगल_जावई

माझी बायको कानडी, सासुरवाडी बैलहोंगल, म्हणून हे मलाच लिहायला पाहिजे.

कानडीत हाच शब्द आहे. पुस्तकात सलिगे, कुणी सलुगे पण म्हणतं. पण आपल्या भागातली कानडी शेवटच्या ए ची ई करते, मने चं मनी, तले चं तली, तसं सलिगे चं सलिगी. आता सलिगी पटकन म्हणून बघा, मराठीच झालं की. कुणी कुणाकडनं घेतला हे भांडण मी लावणार नाही, घरात मला एकट्याला मराठीची बाजू घ्यावी लागते आणि जेवण तिच्या हातात असतं.

पण अर्थ बघा, तिकडं पण दोन्ही बाजू आहेत. सासूबाई म्हणतात "सलिगी कोट्र तली म्याल कुंडरतार", सलगी दिली की डोक्यावर बसतात. आणि त्याच सासूबाई माझं कौतुक करताना जावई सलिगीनं राहतो म्हणतात, म्हणजे पाटावर बसून मान घालून जेवत नाही, स्वयंपाकघरात येऊन भाकरी उचलतो. मला वाटतं तुझ्या आईचा अर्थ ह्याच्या जवळचा आहे.

आणि एक गंमत. कानडीत कुणी कुणाचा अपमान केला हे सांगायचं तर म्हणतात तो "एकवचनात" बोलला. म्हणजे तू म्हणाला. व्याकरणाचा शब्द भांडणात वापरणारी दुसरी माणसं मी बघितली नाहीत. लग्नानंतर सहा महिने मी मेव्हण्याला "बर्री" म्हणत होतो, या हो असं, एक दिवस चुकून "बा" गेलं तोंडातनं. मी घाबरलो. तो हसला आणि त्यानं पण मला "बा" म्हटलं. त्या दिवशी सलिगी झाली असं आमच्या घरात सगळे सांगतात, तारखेसकट.

वडगावची_सून

हे तारखेसकट लई भारी. आमच्यात उलटं, मी नवऱ्याला अरे-तुरे करते हे सासूला चालतं पण मोठ्या जाऊबाईंना मी चुकून "तू" म्हटलं तर आठवडाभर भाजी खारट. आणि ताईचं पण बघा ना, आपल्यात ताई म्हणजे थोरली बहीण, कानडीत तायी म्हणजे आई. माझ्या मुलीची कानडी मैत्रीण आमच्या मोठ्या मुलीला ताई म्हणताना आधी अडखळायची.

येळ्ळूरचा_राजू

सगळं खरं पण आमच्या गावात सलगी म्हणजे वाईटच ओ. आमचा आज्जा म्हणायचा सावकाराची नि घोड्याची सलगी नको, एक पुढनं चावतो, एक मागनं लाथ मारतो. तेव्हा सगळ्या बेळगाव भागाच्या नावावर गोड अर्थ खपवू नका, शहापुरात असेल. आणि ही सगळी कानडीची देणगी आहे म्हणणाऱ्यांना माझं एवढंच म्हणणं आहे की

ग्रूपचा_राखणदार

राजू, बाकीचं कापलंय. सीमाप्रश्नाला वेगळा धागा आहे, तिकडं जा. आज्जाची म्हण ठेवलीय, ती चांगली आहे.

खानापूरच्या_बाई

राजूच्या आज्जांनी माझंच सांगितलं की. सावकारानं दिलेली सलगी पण परवडत नाही, कारण तो परत घेणार व्याजासकट.

शहापूरकर_धाकटा

सगळ्यांना थँक्यू. बाईंचा मेसेज जसाच्या तसा वैनीला पाठवला, तिनं आईला वाचून दाखवला. तिची आई शाळेत संस्कृत शिकवत होती हे मला माहीतच नव्हतं. तिनं कपाटातनं ज्ञानेश्वरी काढली, ओवी बघितली आणि आमच्या घरी फोन केला. आईशी पाऊण तास बोलली. शेवटी म्हणाली म्हणे, "विहीणबाई, तुम्ही दिलीत ना, मग आम्ही घेतली." आईला ज्ञानेश्वरीचा पत्ता नाही, तिला वाटलं कुंद्याच्या डब्याबद्दल बोलतायत, ती म्हणाली "अजून दोन पाठवते की".

आता चार डबे घेऊन मी शनिवारी पुण्याला निघालोय. मावशी पण येणार आहे म्हणे.

निपाणीचा_पावणा

मावशीपुढं ग्लास भरलेला ठेवू नको फक्त.