मदत हवी आहे : शिक्क्याची शाई न पसरवता तारखांच्या चिठ्ठ्या कशा चिकटवू?

मी सार्वजनिक वाचनालयात देवघेव विभागात काम करते. बाद झालेल्या पुस्तकांतल्या, परतीच्या तारखांचे शिक्के असलेल्या 48 चिठ्ठ्यांचं एक हातबांधणीचं पुस्तक करतेय. घडीचं, पंख्यासारखं उलगडणारं, एकच प्रत. (चिठ्ठ्या परवानगीने घेतल्यात, त्यांवर वाचकांची नावं नाहीत.)

अडचण जांभळ्या शिक्क्यांची आहे. गव्हाची खळ लावली तर शाई दोन मिनिटांत पसरते. मिथाइल सेल्युलोज (पाण्यात भिजवून करायचा, कागदासाठीचा गोंद) घट्ट करून पाहिलं, पसरणं कमी झालं पण थांबलं नाही. फेव्हिकॉलने कागद कडक होऊन वर वळला. हे सगळं कोऱ्या कागदावर तोच शिक्का मारून पाहिलंय, मूळ चिठ्ठ्यांना अजून हात लावलेला नाही. एका चिठ्ठीवर 1974 पासूनच्या तारखा आहेत, मधे अकरा वर्षं कोणीच ते पुस्तक नेलेलं नाही. ती रिकामी जागा मला सगळ्यात मोलाची वाटते, तिथे डाग नको.

दुतर्फी टेप नको, तिचा गोंद पुढे पिवळा पडतो. लॅमिनेशनही नको, कागद बोटांना लागायला हवा. कागद जुना, घडीवर तुटणारा. त्यामुळे सुईने शिवायची भीती वाटते. मी कोकणात राहते, पावसाळ्यात हवा दमट आणि कसरीचा त्रास, म्हणून खळीबद्दल तशीही शंका आहे.

पानाला चिरा देऊन चिठ्ठीचे चारही कोपरे आत खोचले, तर पान सारखं उघडताना ते टिकतील का? की फक्त वरच्या कडेला पातळ जपानी कागदाची पट्टी लावावी, आणि ती कशाने चिकटवावी?