कळंगुटजवळचे २२ खोल्यांचे हॉटेल: वीज, पाणी, कचरा यांत आधी काय हाती घ्यावे?

खारी हवा
नमस्कार मंडळी. तळमजला आणि वर दोन मजले, एकूण २२ खोल्या. सपाट गच्ची १५० चौरस मीटर, तेवढेच छप्पर कौलारू. प्रत्येक खोलीत दीड टनाचा एसी आणि २५ लिटरचा गिझर. नळाचे पाणी आहे, आवारात बांय (विहीर) आहे, तरी एप्रिल-मेमध्ये टँकर मागवावा लागतो. सांडपाणी सेप्टिक टँकमधून सोकपिटात (शोषखड्ड्यात) जाते. ओला कचरा दिवसाला ३५ किलोच्या आसपास. मालकांच्या डोक्यात गच्चीवर सोलार आणि खोल्यांत बांबूचे टूथब्रश बसले आहेत. सगळे एकदम करण्याइतके पैसे नाहीत. क्रम काय लावावा?

मीटरवाला
ब्रश राहू द्या. सोलारही आत्ता नको, कारण किती किलोवॅट लागेल हे आज तुम्हाला सांगताच येणार नाही. आधी वितरण पेटीत चार सब-मीटर लावा: एसी, गिझर, स्वयंपाकघर, पंप. दोन आठवडे रोज सकाळी ठरल्या वेळी वाचन घ्या आणि शेजारी किती खोल्या भरल्या होत्या तेही लिहा. अशा हॉटेलात बहुधा एसी पहिला आणि गरम पाणी दुसरे निघते.

गरम पाण्याचा हिशेब सोपा आहे. १०० लिटर पाणी २७ अंशांवरून ५५ वर न्यायला ३.३ युनिट लागतात. खोलीमागे १०० लिटर धरले तर सगळ्या खोल्या भरल्यावर दिवसाला ७२ युनिट, शिवाय गिझर नुसते चालू ठेवल्याने वाया जाणारी वीज वेगळी. गिझरऐवजी हीट पंप घ्या: तो हवेतली उष्णता ओढतो, एका युनिटात साधारण तीन युनिटांचे काम करतो. म्हणजे २४ युनिटांत भागते. १० किलोवॅट उष्णता देणारा पंप आणि २,००० ते २,५०० लिटरची इन्सुलेटेड टाकी पुरेल. पंप दिवसाला सातेक तास चालेल. त्यातून बाहेर पडणारी थंड हवा डक्टने स्वयंपाकघरात सोडा, आचारी दुवा देतील.

फसते ते नळकामात. परतीची नळी (नळ्यांतले पाणी टाकीकडे फिरवत गरम ठेवणारी) टाकली नाही तर टोकाच्या खोलीत गरम पाणी येईपर्यंत पाहुणा दोन मिनिटे पाणी सोडून देतो, आणि विजेत वाचवलेले पाण्यात जाते. नळ्यांवर २५ मिमी नायट्राइल फोमचे उष्णतारोधक आवरण हवेच. वीज वाचवायला टाकी ४५ अंशांवर ठेवण्याचा मोह आवरा, त्या तापमानाला न्यूमोनिया करणारे लिजिओनेला जिवाणू वाढतात. टाकीत ६० अंश, परतीच्या नळीत किमान ५०, आणि पोळू नये म्हणून नळाजवळ मिक्सिंग व्हॉल्व्ह.

एसीबद्दल: खोलीची वीज चालू करणाऱ्या की-कार्डच्या खाचेत पाहुणे कुठलेही जुने कार्ड खुपसून समुद्रावर जातात. त्यापेक्षा बाल्कनीच्या दाराला चुंबकी स्विच लावा, दार मिनिटभर उघडे राहिले की एसी बंद. तापमान एका अंशाने वाढवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते असे ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो. २४ च्या खाली जाणार नाही अशी सोय रिमोटमध्येच करून घ्या. एसीची बाहेरची युनिटे खारट हवेने गंजतात. पंधरा दिवसांनी गोड्या पाण्याने हलक्या फवाऱ्याने धुवा. प्रेशर जेट मारला तर फिन (पातळ पत्र्या) वाकतात आणि यंत्र आधीपेक्षा जास्त वीज खाते. नवे घ्याल तेव्हा कॉइलला गंजरोधक लेप आहे का ते बघा.

पावसाळ्यात रिकाम्या खोलीला बुरशी धरते म्हणून हाऊसकीपिंगवाले दिवसभर एसी चालू ठेवतात. ड्राय मोडवर तास-दीड तास पुरतो, पण त्याआधी खिडक्या बंद करायला सांगा!

झरीचे पाणी
मीटरवाला बाब म्हणतात ते बरोबर, फक्त पाण्यालाही मीटर लावा: नळ, बांय, टँकर, तिन्ही वेगळे.

मग फ्लश टाक्या. टाकीत खाण्याचा रंग टाका आणि वीस मिनिटे कोणी फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर वॉशर गेला. मिनिटाला अर्धा लिटर गळती म्हणजे दिवसाला ७२० लिटर, आणि ती कानाला ऐकूही येत नाही. शॉवरखाली मिनिटभर बादली धरा. १० लिटरहून जास्त भरली तर मिनिटाला ८ लिटरच सोडणारा रिस्ट्रिक्टर (प्रवाह कमी करणारी चकती) बसवा. वरच्या मजल्यावर मात्र नको. गच्चीवरच्या टाकीपासून तीन मीटर खाली दाब जेमतेम ०.३ बार असतो, तिथे रिस्ट्रिक्टर लावला तर पाणी ठिबकेल आणि पहिली तक्रार रिसेप्शनवर येईल.

पावसाच्या पाण्याबद्दल गैरसमज फार. ३०० चौरस मीटर छप्पर, ३,००० मिमी पाऊस, वाया जाणारे वगळून ७ लाख लिटर होतात खरे. पण बहुतेक सगळे जून ते सप्टेंबरमध्ये पडतात आणि टँकर लागतो मेमध्ये. बांयेत सोडून मेपर्यंत टिकतील म्हणाल तर जांभा तसा साठवून ठेवत नाही. तो पाणी झपाट्याने पितो आणि झपाट्याने सोडतो. म्हणून पावसाळ्यात ते पाणी फ्लश, लाँड्री आणि फरशी पुसण्याला थेट वापरा आणि त्या महिन्यांत नळाचे पाणी वाचवा. दर १०० चौरस मीटरमागे पहिले २०० लिटर बाहेर सोडा, कौलांवरची शेवाळ आणि पक्ष्यांची घाण त्यात जाते.

उन्हाळ्यात बांय जोरात उपसली की खारे पाणी आत शिरते. आठवड्याला टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजून वहीत लिहा. आकडा चढू लागला की उपसा कमी करा. आणि भरतीरेषेपासून अंतर तपासा. किनारी रिसॉर्टना २०० मीटरच्या आत भूजल काढायला सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) नियमांत मनाई आहे, २०० ते ५०० मीटरमध्ये भूजल मंडळाची संमती लागते.

सोकपिटाचेही तेच. जांभ्यातून घाण पाणी शेजाऱ्याच्या बांयेपर्यंत सहज पोचते. निदान न्हाणीचे पाणी वेगळे काढा: आधी जाळी आणि निवळण टाकी, मग १०-२० मिमी खडीचा ६० सेंमी खोल वाफा, त्यात कर्दळ. माणशी एक चौरस मीटर धरा. केस आणि धागे जाळीत अडले नाहीत तर वाफा वर्षभरात तुंबतो.

कुळागर
कचऱ्याचे मी सांगते. ३५ किलोतून शहाळी, लिंबाची साले, अंड्यांची टरफले, हाडे बाजूला काढली की बायोगॅसजोगे २५ किलो उरेल. १० किलोला साधारण एक घनमीटर गॅस, म्हणजे रोज अडीच घनमीटर, एलपीजीच्या भाषेत १.१ किलो. १९ किलोचा एक सिलिंडर सतराएक दिवसांनी वाचेल. विक्रेता याहून फार मोठा आकडा सांगत असेल तर कागदावर मागा.

कचऱ्याइतकेच पाणी घालून ४० दिवस मुरवायचे तर बायोगॅस संयंत्रात २,००० लिटरची जागा लागते. गॅसची जागा धरून ३ घनमीटरचे संयंत्र घ्या. आधी शेणकाला भरा, गॅस पेटू लागेपर्यंत कचरा नको, मग दर आठवड्याला रोजचा घास ५ किलोने वाढवा. नाताळात हॉटेल भरते आणि कोणीतरी एकदम ६० किलो ओततो. आतले आंबते, सामू (पीएच) ६.५ च्या खाली जातो, गॅस बंद. मग खाऊ घालणे थांबवून थोडी चुन्याची निवळी द्यावी लागते. मासळीची आतडी थोडीच घाला, जास्त झाली तर अमोनिया होतो. हंगामातला जास्तीचा कचरा कंपोस्टला वळवा.

कंपोस्टवर छप्पर हवेच. सुका पालापाचोळा मेमध्येच पोत्यांत भरून ठेवा, जुलैत तो शोधून मिळत नाही आणि त्याशिवाय ढिगात अळ्या होतात. तळणीचे तेल गटारात नको. तेल पुन्हापुन्हा तापवल्याने होणारी ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांवर गेली की एफएसएसएआयच्या (अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमाने ते वापरता येत नाही. बायोडिझेलसाठी गोळा करणाऱ्यांना द्या, पावती ठेवा.

खारी हवा
देव बरें करूं. दोन शंका. खोलीत प्लास्टिक बाटल्यांऐवजी आरओ बसवू का? आणि सोलारचे मालकांना काय सांगू?

मीटरवाला
आधी नळाच्या पाण्याचा टीडीएस बघा. ५०० च्या बराच खाली असेल तर आरओ कशाला? तो आत घेतलेल्या पाण्यातले निम्म्याहून जास्त बहुधा फेकून देतो. अल्ट्राफिल्ट्रेशन (अतिबारीक गाळणी) आणि यूव्ही पुरे. काचेच्या बाटल्या घ्या, पण बाटली धुण्याची सोय आणि दर तीन महिन्यांनी जिवाणू तपासणी ठरवल्याशिवाय सुरू करू नका.

सोलारला किलोवॅटमागे १० चौरस मीटर बिनसावलीची जागा लागते. टाकी, हीट पंप आणि जाण्यायेण्याची वाट वगळली की तुमच्या गच्चीवर १० किलोवॅट बसेल: वर्षाची सरासरी दिवसाला ४० युनिट, जुलैत त्याच्या निम्मे धरा. सांगाडा किमान ८० मायक्रॉन गॅल्व्हनाइज्ड, नटबोल्ट ३१६ स्टेनलेसचे. कोटेशनमध्ये ३१६ न लिहिता नुसते 'एसएस' (स्टेनलेस स्टील) लिहिले असेल तर तिथेच थांबा.

कुळागर
आणि गच्चीचे वॉटरप्रूफिंग सांगाड्याआधी करून घ्या. नंतर केले तर पॅनेल उतरवायची मजुरी पुन्हा द्यावी लागते.