नीलगिरीच्या कळ्या फुगल्यात, औषध देऊ का?

अॅडलेडकर: परसात रिव्हर रेड गम आहे (नीलगिरीचाच एक प्रकार), खाली दोन मधपेट्या. यंदा कळ्या लगडल्या म्हणून खूश होतो. आता बघतो तर बऱ्याच कळ्या वेड्यावाकड्या फुगल्यात, टोपी उघडायचं नावच नाही. शेजारी म्हणतोय, खोडातून मुरणारं औषध दे. कुणी दिलंय का?

पेटीवाले काका: अहो, नका देऊ! तेच औषध मकरंदात उतरेल आणि पहिल्या तुमच्याच माशा मरतील. फुगलेली एक कळी, म्हणजे गाठ, ब्लेडने चिरा आणि भिंगाखाली धरा. आत बरेच कप्पे आणि त्यांत अळ्या दिसल्या तर फर्ग्युसोनिना माशीचं काम समजा.

सूत्रकृमी: काका बरोबर. गंमत म्हणजे ही माशी एकटी येत नाही. अंडी घालताना मादी कळीत फर्ग्युसोबिया नावाचे सूत्रकृमी, म्हणजे धाग्यासारखे बारीक कृमी, ही सोडते. अळ्या नि कृमी एकाच गाठीत वाढतात, मग कृमी मादी अळीच्या पोटात शिरतात आणि तिची माशी झाली की तिच्यासोबत पुढच्या कळीवर. करी नावाच्या संशोधकाने ही जोडगोळी 1937 मध्येच मांडली होती. याच कुळातली एक माशी अमेरिकेने 2005 मध्ये फ्लोरिडात मुद्दाम सोडली, तिथे माजलेल्या मेलाल्युका झाडांवर. पण ती तिथे टिकली नाही.

पुणेरी रोपवाटिका: आमच्याकडे नीलगिरीच्या पानांच्या शिरांवर, देठांवर गाठी येतात. हीच का?

सूत्रकृमी: नाही, ती लेप्टोसायबी इन्व्हेसा, मिलिमीटरभराची गांधीलमाशी. मूळची ऑस्ट्रेलियातलीच. कोवळ्या पालवीत अंडी घालते, म्हणून रोपवाटिकेला जास्त झळ. गाठी असलेली रोपं बाहेर पाठवू नका. तिच्यावर जगणारी दुसरी गांधीलमाशी, क्वाड्रास्टिकस मेंडेली, भारतात आहे. उठसूट फवारलंत तर आधी तीच मरेल.

अॅडलेडकर: चिरली. कप्पे आहेत, अळ्याही! मग गाठी सगळ्या तोडू?

पेटीवाले काका: हाताला येतील तेवढ्याच. शेंड्यासाठी शिडी लावून हाडं मोडून घेऊ नका, जुनं झाड यातून मरत नाही. यंदाचा मध मात्र कमी धरा. आणि तोडलेल्यांतल्या थोड्या गाठी बरणीत घालून वर मलमल बांधा. दोन पंखांच्या निघाल्या तर त्या माश्या, चार पंखांच्या निघाल्या तर बहुधा त्यांना खाणाऱ्या गांधीलमाश्या. या गांधीलमाश्यांना झाडाखाली सोडून द्या.

अॅडलेडकर: तीन आठवड्यांनी सांगतो. बरणीतून अकरा निघाल्या, आठ चार पंखांच्या. शेजाऱ्याला बरणी दाखवली, आता तोही एक मागतोय.