झेंग झी: तिशीत मायदेशी परतला, ते शहाणपण की माघार?

मधलीफळी
चीनचा आजवरचा सर्वोत्तम मिडफिल्डर झेंग झी, यावर माझ्या मते वाद नाही. वाद आहे तो त्याने २०१० च्या उन्हाळ्यात घेतलेल्या निर्णयावर. स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबमधला एकुलता एक हंगाम संपला, वय तिशीला टेकलेलं, आणि गडी थेट ग्वांगझूला गेला. तेही दुसऱ्या श्रेणीत! मॅच फिक्सिंगच्या जुन्या प्रकरणात ग्वांगझूची नुकतीच खाली रवानगी झाली होती आणि एव्हरग्रांद या बांधकाम कंपनीने तो क्लब त्याच वर्षी विकत घेतला होता. युरोपातून थेट तिथे जाणाऱ्याच्या नावावर बहुतेकांनी तेव्हाच काट मारली.

पुढे? पहिल्याच हंगामात वरच्या श्रेणीत, मग २०११ ते २०१७ सलग सात लीग विजेतेपदं. २०१३ आणि २०१५ ला आशियाई चॅम्पियन्स लीग, म्हणजे आशियातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा. २०१३ चा आशियातला सर्वोत्तम फुटबॉलपटू. चिनी पुरुषांत त्याच्याआधी हा मान फक्त फान झीयीला, २००१ साली. त्या निर्णयाला माघार म्हणणाऱ्यांना ‘युरोपात खेळला’ या शिक्क्याचं फार अप्रूप आहे, एवढंच. बोला आता.

ऑफसाइड
शिक्क्याचं अप्रूप नाही हो, दर्जाचं आहे. २०१३ च्या त्या संघात पुढे कोण होतं? मुरिकी, एल्केसन, कोंका. मुरिकीने त्या चॅम्पियन्स लीगमध्ये १३ गोल केले. कोंकाला २०११ मध्ये आणलं तेव्हा जगातल्या सर्वाधिक पगाराच्या खेळाडूंत त्याचं नाव घेतलं जात होतं. डगआउटमध्ये प्रशिक्षक लिप्पी, म्हणजे २००६ चा विश्वचषक जिंकलेला माणूस. एवढा पैसा ओतल्यावर मधे कुणीही उभा केला असता तरी कप आलाच असता. वार्षिक पुरस्काराचं तर सोडाच, समारंभाला हजर राहील त्यालाच तो द्यायचा हा तेव्हाचा नियम. युरोपात खेळणारे जपानी-कोरियन आपोआपच शर्यतीबाहेर.

इंग्लंडमधल्या चार्लटनला गेला तेव्हा झेंग झी २६ वर्षांचा होता. प्रीमियर लीगमध्ये अर्धा हंगाम मिळाला, न्यूकॅसलविरुद्ध गोलही केला. तिथून वर जायचं की खाली, हा खरा प्रश्न होता. तो खालीच गेला.

मधलीफळी
@ऑफसाइड, ‘खालीच गेला’ म्हणजे काय? २००७ ला चार्लटन प्रीमियर लीगमधून बाहेर पडलं, तो काय त्याच्यामुळे? फेब्रुवारीत पदार्पण, तेही मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर, आणि मे महिन्यात टॉटनमकडून घरच्या मैदानावर हरल्यावर क्लबचा निकाल लागला. तीन महिन्यांत काय करणार माणूस? तरी तो त्यांच्याबरोबर चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या श्रेणीत, राहिला. २००९ ला क्लब आणखी एक पायरी घसरला.

आणि ब्रिटनचा वर्क परमिटचा नियम विसरू नका. त्या काळी युरोपीय संघाबाहेरच्या खेळाडूच्या देशाचं फिफा क्रमवारीतलं स्थान पहिल्या ७० त लागायचं, शिवाय गेल्या दोन वर्षांतल्या देशाच्या ७५ टक्के स्पर्धात्मक सामन्यांत तो खेळलेला हवा. चीन तेव्हा सत्तरच्या बराच खाली. म्हणजे खेळाडू कितीही बरा असो, देश हरला की त्याचा परवाना अडकला. जपान-कोरियावाल्यांना ही कटकट नव्हती.

लाल_कार्ड
इतका वेळ कुणीच फ्रान्सच्या सिसेचं नाव काढलं नाही याचं आश्चर्य वाटतंय.

७ जून २००६, सेंट-एतिएन. विश्वचषकाआधीचा फ्रान्सचा शेवटचा मैत्रीपूर्ण सामना. जेमतेम दहा मिनिटं झालेली. उजव्या बाजूने सिसे चेंडू घेऊन सुसाट, मागून झेंग झी. पाय लागला आणि सिसेचं उजवं पाऊल नको त्या दिशेला वळलं. ज्यांनी तो व्हिडिओ पाहिलाय त्यांना दुसऱ्यांदा बघवत नाही. २००४ मध्ये ब्लॅकबर्नला डावा पाय मोडला होता, आता उजवा. विश्वचषक गेला, त्याच्या जागी गोवू आला. आणि त्याच सामन्यात पुढे पेनल्टीवर गोल कोणी केला? झेंग झीनेच.

दोन वर्षांनी बीजिंग ऑलिंपिक. घरचं मैदान, २३ वर्षांवरच्या मोजक्या खेळाडूंपैकी एक, वर कर्णधार. बेल्जियमविरुद्ध कोपर मारून लाल कार्ड. त्याच सामन्यात तान वांगसोंगलाही लाल कार्ड, आणि चीन ०-२ हरला. अख्ख्या स्पर्धेत त्या संघाचा एकच गोल. कर्णधाराने डोकं थंड ठेवायचं असतं की स्वतःच काडी लावायची असते? ट्रॉफ्या मोजताना हेही मोजा.

वास्कोचा_राखीव
सिसेच्या प्रकरणात मी झेंग झीच्या बाजूने. दोघं जोरात धावताहेत, पाय पायात अडकला. पाय मोडायच्या इराद्याने घुसणं वेगळं, हे वेगळं. ऑलिंपिकमधल्या कोपराचं मात्र समर्थन नाही, तो निव्वळ आडदांडपणा.

पण मला मूळ मुद्द्यावर ऑफसाइडरावांशी भांडायचंय. ‘मधे कुणीही चाललं असतं’ हे वाक्य मिडफिल्ड न खेळलेला माणूसच लिहू शकतो. चॅम्पियन्स लीगला परदेशी खेळाडू चारच: तीन कुठलेही, एक आशियाई. ग्वांगझूने तीन पुढे वापरले आणि चौथा किम यंग-ग्वॉन बचावात. उरलेले सात चिनी! प्रतिस्पर्धी एफसी सोल, त्यांच्याकडे आयुष्यभर वरच्या दर्जाच्या लीगमध्ये खेळलेले कोरियन. ते सात चिनी कच्चे असते तर कोंकापर्यंत चेंडूच पोचला नसता.

झेंग झीचं काम बघायचं तर चेंडू त्याच्याकडे नसताना बघा. बचावपटू फेंग शियाओतिंग मागून पास द्यायच्या आधी हा दोनदा खांद्यावरून मागे बघून घेतो. चेंडू येतो तेव्हा अंग अर्धं वळलेलंच असतं, त्यामुळे पहिल्याच स्पर्शात तोंड गोलकडे. दुसऱ्या स्पर्शात चेंडू पुढे गेलेला. दिसायला काहीच नाही. दहा मिनिटं तो बाहेर बसला की मग दिसतं. आधी चीनमधल्या शेनझेन क्लबला असताना तो बचावातही खेळायचा आणि चार्लटनला त्याला कडेलाही खेळवलं. मैदान सगळ्या बाजूंनी बघायची सवय तिथलीच.

अवांतर: २०१८ ला सूझोऊमध्ये भारताने चीनला ०-० रोखलं तेव्हा आपल्याकडे फटाके फुटायचेच बाकी होते. कौतुक गोलकीपर गुरप्रीतचं आणि बचावाचं झालं, ते रास्तच. पण सलग तीन पास देऊन बचावाला श्वास घेऊ देईल असा माणूस आपल्या मधल्या फळीत त्या दिवशी दिसला नाही. म्हणून झेंग झीला हसणाऱ्या भारतीयांचं मला जरा नवल वाटतं.

बाकावरचा
वास्कोकर, वर्णन फक्कड. पण यातून निष्कर्ष उलटा निघतो असं नाही वाटत?

२०१९ चा आशिया कप. चीनचा संघ स्पर्धेतल्या सर्वांत वयस्क संघांपैकी एक आणि कर्णधार ३८ वर्षांचा झेंग झी. उपांत्यपूर्व फेरीत इराणने ३-० ने धुतलं आणि पहिला गोल तुमच्या त्याच फेंग शियाओतिंगच्या चुकीतून. तोही ३३ चा. धागालेखक ‘३८ व्या वर्षी कर्णधार’ हेही कौतुकाने सांगतील. मला त्यात चिनी फुटबॉलचं दिवाळं दिसतं. १४० कोटींच्या देशात दहा वर्षांत त्याची जागा घेणारा एक पोरगा निघू नये? कसा निघणार? सगळे चांगले चिनी खेळाडू चार श्रीमंत क्लबांनी जाड पगारावर उचलले, मग युरोपात जाऊन बाकावर बसायची हौस कुणाला राहील? तो रस्ता पहिला कोणी मळला, तर झेंग झी आणि गाओ लिन या २०१० च्या मंडळींनीच.

आणि तो क्लब? जानेवारी २०२५ मध्ये कर्जापायी परवाना मिळाला नाही, बंदच पडला. दोन वेळचा आशियाई विजेता!

ऑफसाइड
बाकावरचा यांना +१. हेच म्हणायचं होतं, मला इतकं नीट मांडता आलं नाही.

मधलीफळी
बाकावरचा, तुम्ही खेळाडूच्या डोक्यावर अख्ख्या व्यवस्थेचं ओझं ठेवताय. बांधकाम कंपनीने कर्ज काढून क्लब चालवला, त्याचा हिशोब मिडफिल्डरने द्यायचा? उलट २०२१ ला कंपनी गाळात रुतली, प्रशिक्षक कान्नावारो निघून गेला, परदेशी खेळाडू पांगले, तेव्हा ती घसरगुंडी सांभाळायला प्रशिक्षक म्हणून उभा राहिला तो झेंग झीच. पळून जायला भरपूर वाव होता.

तुलना करायचीच तर ली तिएशी करा. दोघेही शेनयांगचे, दोघेही मिडफिल्डर. ली तिएच्या पदरी काय नव्हतं? २००२ चा विश्वचषक खेळला, जो झेंग झीला कधीच लाभला नाही. इंग्लंडच्या एव्हर्टनमध्ये पहिल्या हंगामात प्रशिक्षक मोयेसने त्याला नियमित खेळवलं. युरोपचा शिक्का झेंग झीपेक्षा ठळक! पुढे लिप्पीचा सहाय्यक, मग राष्ट्रीय प्रशिक्षक, आणि डिसेंबर २०२४ मध्ये लाचखोरीबद्दल २० वर्षांची शिक्षा.

लाल_कार्ड
ही मात्र पळवाट झाली. ली तिए तुरुंगात गेला म्हणून झेंग झीचा २०१० चा निर्णय बरोबर कसा ठरतो? आणि विश्वचषकाचं म्हणाल तर २००६, २०१०, २०१४, २०१८ चारही वेळा चीन पात्रता फेरीतच गारद. २००४ ला तर हाँगकाँगला सात गोल मारूनही कुवेतपुढे एका गोलाने मागे पडून बाद. त्या सगळ्या काळात मधली फळी कोणाच्या ताब्यात होती?

वास्कोचा_राखीव
त्या सगळ्या काळात गोल मारायला कोण होतं तेही सांगा की. २०१५ च्या आशिया कपात गटातले तिन्ही सामने जिंकले, तेव्हा हाच कर्णधार होता. पुढच्या फेरीत ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलियाच्या केहिलने दोन गोल घातले, त्याला मिडफिल्डर काय करणार.

बाकावरचा
केहिलचा पहिला गोल म्हणजे बायसिकल किक, त्याला तर गोलकीपरही काही करू शकला नसता. मान्य. पण ‘एव्हरग्रांदमध्ये कुणीही चाललं असतं’ हे पटत नसेल तर पुरावा काय? एखादा सामना दाखवा.

मधलीफळी
९ नोव्हेंबर २०१३, तियानहे स्टेडियम, सोलविरुद्ध फायनलचा दुसरा लेग. सोलमध्ये २-२, इथे १-१, बाहेरच्या गोलांवर (बरोबरी झाली की परक्या मैदानावर जास्त गोल करणारा जिंकतो) कप. एल्केसनने ५७ व्या मिनिटाला गोल केला आणि पाचच मिनिटांत सोलच्या देयानने फेडला. तिथून पुढे आणखी एक गोल खाल्ला असता तर कप सोलला गेला असता. ती शेवटची अर्धा तास मॅच लावा, मुरिकी-कोंका सोडा, फक्त त्याच्याकडे बघा. किती वेळा चेंडू मागतो तेवढंच मोजा. मग या भांडायला.