आयसीयूत शिरेतून ‘तेल’ कशाला? – त्या पोस्टला उत्तर

धुळ्याचा_आयसीयूवाला: काल इथे लिहिलं गेलं, “शिरेतून फॅट म्हणजे रक्तात तेल ओतणं, नुसतं ग्लुकोज पुरे.” पेशंटचे नातेवाईक हे वाचून शिरेतून चाललेल्या आहाराची पिशवी काढायला लावतात, म्हणून लिहितो. ग्लुकोज मिनिटाला किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या वर गेलं की शरीर ते जाळू शकत नाही. साखर चढते, यकृतात चरबी साठते, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि व्हेंटिलेटर सुटता सुटत नाही. फॅट पूर्ण बंद केलं तर आवश्यक फॅटी ॲसिड, म्हणजे शरीराला स्वतः बनवता न येणारे चरबीचे घटक, कुठून आणणार?

केळीबाग_रावेर: पोस्ट माझीच. वडिलांना पांढरी पिशवी लावली आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, ६००च्या वर गेलं. बंद केल्यावर उतरलं. मी डोळ्यांनी पाहिलंय, मला आकडे शिकवू नका.

धुळ्याचा_आयसीयूवाला: झोपेचं पांढरं औषध पंपावर होतं ना? प्रोपोफॉलही तेलातच असतं. तासाला २० मिली म्हणजे दिवसाला ४८ ग्रॅम फॅट. दिवसाला किलोमागे १.५ ग्रॅम फॅटची मर्यादा धरली तर साठ किलोच्या माणसाला एकूण ९०. निम्म्याहून जास्त तिथेच गेलं. दोष फॅटचा नाही, बेरीज न करण्याचा आहे.

सिस्टर_भुसावळ: बेरीज करायची कोणी? प्रोपोफॉल औषधांच्या पानावर, पिशवी आहाराच्या पानावर. रात्री डाएटिशियन नसते. मग सगळं सिस्टरच्या डोक्यावर!

तापीकाठ: भाऊ, पिशवीना भाव कोन्ही सांगत नही! आमच्याकडून सही घेतली, बिल शेवटी दिलं. कापूस विकून भरलं.

सिस्टर_भुसावळ: आणि गावात अशक्तपणा आला की “सलाईन लावा”. पाच टक्क्यांच्या लिटरभर ग्लुकोजमध्ये १७० कॅलरी. त्यासाठी पैसे मोजता, तेव्हा भाव विचारता का?

तापीकाठ: डॉक्टरच लावतो, ताई. आम्ही अडाणी म्हणून आमच्यावर ढकलू नका.

सिस्टर_भुसावळ: नाही लावली तर दुसऱ्या दवाखान्यात जाता. रोज बघते मी.

धुळ्याचा_आयसीयूवाला: सलाईनचा वेगळा धागा काढा. आतडं चालत असेल तर आधी नाकातली नळी. बेल्जियममधल्या २०११च्या अभ्यासात, नळीतून कमी पडलेलं शिरेतून भरून काढायला आठव्या दिवसापर्यंत थांबलेले पेशंट आयसीयूतून लवकर बाहेर पडले.

केळीबाग_रावेर: ठीक, “नुसतं ग्लुकोज” हे माझे शब्द मागे. पण ट्रायग्लिसराइड आम्ही मागितल्यावर तपासलं, आपणहून नाही. त्याचं उत्तर द्या.