अनुभव धागा: बंद खोलीतली शेगडी, स्टोव्ह आणि हीटर

गुहागर
कोकणात हीटर कोण लावतो, असं कुणीही विचारेल. पण पावसाळ्यात बाळंतिणीच्या खोलीत कोळशाची शेगडी अजून पेटते. वीज गेली की माळ्यावरचा रॉकेलचा स्टोव्ह खाली उतरतो. न्हाणीघरात गॅसचा गीझर आलाय. विस्तव घरात पूर्वीही होता, मग आताच एवढी काळजी का? कारण घरं बदलली. कौलारू घरात कौलांच्या फटींतून, साण्यातून रात्रंदिवस वारा खेळायचा. आता वर स्लॅब आहे, खिडक्या सरकत्या काचांच्या आहेत आणि झडीचं पाणी आत येऊ नये म्हणून त्यांच्या कडाही बुजवलेल्या. शेगडी तीच, खोली मात्र हवाबंद.

माझ्या वहिनीच्या बाळंतपणात हेच झालं. आषाढातला पाऊस, दार-खिडक्या लावलेल्या. शेक झाल्यावर शेगडी बाजेखालीच राहिली. थोड्या वेळाने आई शिरा घेऊन आत गेली तर वहिनी म्हणाली, "आई, डोकं जड झालंय, मळमळतंय, बाळाला घ्या जरा." आईने बाळाला उचललं, वहिनीला आधार देत ओटीवर आणलं आणि दादाने गाडी काढली. दवाखान्यात दोघांना ऑक्सिजन लावला, दोघं सुखरूप आहेत. खोलीत धूर नव्हता, म्हणून कुणाला शंका आली नाही. निखारा लालबुंद झाला की धूर थांबतो, पण कार्बन मोनॉक्साईड निघतच राहतो, आणि त्याला ना रंग ना वास. आता आमच्याकडे निखारे पडवीतच राहतात. तिथे तव्यावर ओव्याची पुरचुंडी तापवायची आणि तेवढीच आत न्यायची. शेक तितकाच चांगला बसतो.

तुमच्याकडे काय घडलं, त्यानंतर घरात काय बदललंत, ते लिहा. ज्यांच्या घरी लवकरच बाळंतीण येणार आहे त्यांनी तर हे वाचावंच.

रत्नागिरी, परिचारिका
वहिनींना बाहेर आणलंत, हे सगळ्यात महत्त्वाचं. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. साध्या हवेत तो रक्तात निम्मा व्हायलाच चार ते सहा तास लागतात. मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण तासा-दीड तासात तेवढा उतरतो. म्हणून "बरं वाटतंय आता" म्हणून घरी थांबू नका.

आणखी एक. कोविडपासून घरोघरी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आहे. या विषबाधेत ते फसवतं. ९८ दाखवतं आणि माणूस गुंगीत असतो, कारण चिकटलेला वायू आणि ऑक्सिजन यांतला फरक त्या यंत्राला कळत नाही. आकड्यावर जाऊ नका. एकाच खोलीतल्या दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखायला लागलं, मळमळलं, आणि बाहेर आल्यावर बरं वाटलं, तर पित्त समजून लिंबू-सरबत देत बसू नका. डॉक्टरांना सांगताना "खोलीत शेगडी होती" हे पहिल्या वाक्यात सांगा.

मूळ चिपळूण, सध्या साप्पोरो
इथे जपानात रॉकेलचे हीटर घराघरात आहेत, त्यामुळे नियमही सगळ्यांना पाठ. ज्या हीटरचा धूर खोलीतच सुटतो तो लावला की तासाला एक-दोनदा, काही मिनिटं खिडकी उघडायचीच, बाहेर बर्फ असला तरी. माझ्या खोलीतला हीटर भिंतीतल्या नळीने बाहेरची हवा घेतो आणि धूर बाहेरच सोडतो, तो सगळ्यात बरा. टाकी भरताना हीटर विझवून थंड होऊ द्यायचा. गेल्या हिवाळ्यातलं उरलेलं रॉकेल वापरायचं नाही, ते खराब होतं. पेट्रोलचा थेंबही मिसळता कामा नये. पडदे, वाळत घातलेले कपडे लांब. झोपताना बंद. ज्योत पिवळी पडून काजळी धरायला लागली तर जळण नीट होत नाही, लगेच विझवायचं.

आमच्या आजीचा चिपळूणचा वातीचा स्टोव्ह आठवतो. वाती एकसारख्या कापून ज्योत निळी होईपर्यंत ती त्यावर भांडं चढवायची नाही. कारण तिने कधी सांगितलं नाही, पण होतं ते हेच.

दापोली
३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर आमच्या वाडीत कित्येक दिवस वीज नव्हती. मोबाईल चार्ज करायला, पंप चालवायला लोकांनी जनरेटर आणले. पाऊस चालू, म्हणून एका घरी तो मागच्या पडवीत, स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच ठेवला होता. घरातल्या म्हाताऱ्यांना उलट्या सुरू झाल्या. पाणी बाधलं असं सगळ्यांना वाटलं, कारण वादळानंतर विहिरी खराब झाल्याच होत्या. शेजारच्या पोराने जनरेटर बंद करून त्यांना अंगणात आणलं म्हणून बचावले. जनरेटर घरापासून किमान वीस फूट लांब, उघड्यावर, धुराचं तोंड घराकडे नाही असा हवा. पाऊस असेल तर वर पत्र्याचं छप्पर करा, चारी बाजू मोकळ्या सोडा. पडवी म्हणजे बाहेर नव्हे.

हर्णै
बोटीवरचं लिहितो. केबिनमध्ये जेवण शिजतं आणि वारा सुटला की खलाशी दार ओढून घेतात. आमचे तांडेल दाराला लाकडाची खुट्टी लावून ठेवायचे, म्हणजे दार पूर्ण मिटतच नसे. थंडी वाजली तर घोंगडी घ्या, म्हणायचे.

मालवण
आमचा होमस्टे आहे, म्हणून गीझरचं सांगते. बसवणारा म्हणाला, एक्झॉस्ट पंखा लावा, झालं. पण खालून हवा आत यायला वाट नसेल तर पंखा गीझरचा धूर उलटा खोलीतच ओढतो. सासूबाई एकदा न्हाऊन बाहेर आल्या त्या भिंत धरूनच, "माका भोवळ इली गो" म्हणत. त्याच आठवड्यात गीझर मागच्या बाहेरच्या भिंतीवर, छपराखाली हलवला, आत फक्त गरम पाण्याची नळी. न्हाणीघराच्या दाराला खाली जाळी बसवली. पाहुणे झोपतात त्या प्रत्येक खोलीत या वायूचा अलार्म लावलाय, बॅटरी दर महिन्याला बटण दाबून तपासते.

गुहागर
मालवणच्या ताईंना विचारायचंय: गीझर बाहेर घेतल्यावर खाऱ्या वाऱ्याने त्याचं बर्नर गंजत नाही का? आमचं घर किनाऱ्याला लागून आहे.

मालवण
गंजतं. म्हणून पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर माणूस बोलावून साफ करून घेते. ज्योत निळी दिसली तरच तो परत जोडू देते.