मदत हवी आहे : मुलगा डोळे तपासूच देत नाही

ओजसची_आई :
दोनदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तसेच परत आलो. तक्त्यासमोर बसवलं की थोड्या वेळाने रडारड सुरू, मग खुर्चीतून उतरून थेट दाराकडे. काल मागे रांग होती, तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "घरून समजावून आणा." काय समजावू? चॉकलेट, मोबाइल, दटावणी, सगळं करून झालं. शनिवारी परत नंबर लावलाय. कोणी यातून गेलं असेल तर प्लीज लवकर सांगा.

सिंहगडरोडकर :
वय किती? अक्षरं येतात का? आणि मुळात तपासायला का नेलंय?

आबा_सदाशिव :
एवढ्याशा पोराला कशाला ती खुर्ची नि ते दिवे? रोज गाजर, गाईचं तूप आणि सकाळी सारसबागेत हिरवळीवर अनवाणी चालवा. मला सत्तरीतही चष्मा फक्त वाचायला लागतो.

नीलाक्षी७ :
आबा, राग मानू नका, पण तेव्हाही मुलांना नंबर असायचे, "अभ्यासात लक्ष नाही" म्हणून मार बसायचा इतकंच. माझा भाऊ चौथीपर्यंत फळ्यावरचं शेजारच्याच्या वहीत बघून लिहायचा. गाजरातून अ जीवनसत्त्व मिळतं, नंबर जात नाही.
ताई, आम्ही घरी आठवडाभर खेळ केला. कागदावर तीन पायांचा मोठा ई काढायचा, पाय जिकडे तिकडे तिने तीन बोटं करायची. मग तिने माझी तपासणी घ्यायची, मी मुद्दाम चुकायचं. दवाखान्यात गेल्यावर ती स्वतःच बोटं करून उभी राहिली.

कोथरूडकर_८२ :
दवाखाना कर्वे रोडला असेल तर गाडी नेऊ नका. पार्किंग शोधण्यातच पोर कंटाळतं. मेट्रोने न्या, खूशही होईल.

सिंहगडरोडकर :
चष्म्याच्या दुकानात कॉम्प्युटरवर दोन मिनिटांत नंबर निघतो. माझ्या पुतण्याचा तसाच काढला. रडारड नाही, रांग नाही.

शमा_ऑप्टो :
मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, लहान मुलंच तपासते. दादा, मुलांच्या बाबतीत त्या आकड्यावर चष्मा करू नका. मुलं यंत्रात बघताना जवळचं बघितल्यासारखा डोळ्यावर जोर लावतात. मग खोटा मायनस येतो, नाहीतर खरा प्लस लपतो. तो जोर सोडवायला तर ड्रॉप्स घालतात.
ओजसची आई, वय सांगा. आणि तो नेमका कधी रडतो? बसल्याबसल्या, दिवा मारल्यावर की डोळा झाकल्यावर?

राजश्री_के :
चष्मा लागलाच तर रबरी फ्रेम घ्या, मागे पट्टा असलेली. लक्ष्मी रोडला भरपूर मिळतात.

ओजसची_आई :
सॉरी, घाईत लिहिलं होतं. साडेचार वर्षांचा आहे. बालवाडीत शिबिर झालं, तिथे "डोळे दाखवून घ्या" असं लिहून दिलं. अक्षरं येत नाहीत, पण तक्ता चित्रांचाच होता. दोन्ही डोळे उघडे असताना सफरचंद, घर सगळं पटापट सांगितलं. डावा झाकला तेव्हाही सांगितलं. उजवा झाकला की हात झटकतो, किंचाळतो. दोन्ही वेळा तिथूनच बिनसलं.

शमा_ऑप्टो :
ताई, हे शनिवारी आत गेल्या गेल्या सांगा. हा हट्ट नसेलही. एकच डोळा झाकल्यावर मूल चिडत असेल तर उघडा राहिलेला डोळा कमी बघत असण्याची शक्यता असते. तुमच्या बाबतीत डावा. तो टीव्ही बघत असताना काही न बोलता, न दाबता, एकेक डोळा तळहाताने झाका. काय करतो ते फक्त बघा.
तक्ता वाचला नाही तरी नंबर काढता येतो. ड्रॉप्सनंतर डॉक्टर डोळ्यात उजेड टाकून समोर भिंगं धरतात, त्याला रेटिनोस्कोपी म्हणतात. मुलाने एक शब्दही बोलायची गरज नसते. ड्रॉप्सना घाबरला तर आडवा निजवा, डोळे मिटलेले असू देत, नाकाजवळच्या कोपऱ्यात थेंब टाकायला सांगा आणि मग डोळे उघडायला लावा. "काही होणार नाही" म्हणू नका. चुरचुरतं. "चुरचुरेल, आपण दहा मोजू" असं सांगा. आळशी डोळा, म्हणजे मेंदू नीट वापरत नसल्यामुळे कमी बघणारा डोळा, निघालाच तर या वयात चष्म्याने, पट्टीने चांगला फरक पडतो. सात-आठ वर्षांनंतर ते अवघड होत जातं.

ओजसची_आई :
आत्ता करून पाहिलं. डावा झाकला, तो कार्टून बघत हसत राहिला. उजवा झाकला तर मान वाकडी करून माझ्या हाताखालून बघायला लागला आणि म्हणाला, "आई, टीव्ही बंद नको ना करू."
काल रिक्षात मी त्याला रागावले होते. शनिवारपर्यंत थांबत नाही, सकाळी दवाखाना उघडला की फोन करते. शमाताई, ड्रॉप्स घातले तर दुसऱ्या दिवशी शाळेत पाठवू का?

शमा_ऑप्टो :
कुठले घातले ते विचारून घ्या. काहींचा असर काही तासांत उतरतो, काहींचा दिवसभर राहतो. ॲट्रोपिनचं मलम दिलं तर आठवडा-दोन आठवडे बाहुली मोठी राहू शकते. शाळेत पाठवलं तर चालतं, फक्त उन्हात टोपी घाला आणि बाईंना चिठ्ठी द्या, जवळचं धूसर दिसेल म्हणून. मलमानंतर चेहरा लाल झाला किंवा ताप आला तर लगेच डॉक्टरांना कळवा.

आबा_सदाशिव :
सूनबाई, फोन झाला की इथे लिही. वाट बघतोय.